सायब, देवी आणि आमचे हे

शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं की माणूस आधी काय विचारतो? कोणी विचारतं, मी वाचेन ना? कोणी काहीच विचारत नाही, नुसता बघत राहतो. आमच्या ह्यांनी विचारलं, "डॉक्टर, ती पिशवी कापडाची आसता काय प्लास्टिकची? आमच्या पंचायतीन प्लास्टिकाक बंदी घातल्या."

डॉक्टरबाई तरुण होती. तिने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलताना मला दिसले. मी टेबलाखालून ह्यांच्या मांडीला चिमटा काढला. आतड्याचा कॅन्सर निघाला आहे आणि हा माणूस पंचायतीच्या गोष्टी सांगतोय!

हे जाऊन आता वर्ष होऊन गेलं. आमच्या कोरगावात किंवा शेजारच्या गावात कोणाच्या घरी असलं दुखणं निघालं की बायका माझ्याकडे येतात. पिशवी कशी बदलायची, काय खायला घालायचं, नवरा तोंड फिरवून झोपतो त्याचं काय करायचं, असं विचारतात. मला येतं तेवढं सांगते. पण त्या आजारातली एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. मुलगा नितीन, सून, शेजारीपाजारी, कोणालाच नाही. ती आता लिहून टाकते. मी बालवाडीत मुलं शिकवून निवृत्त झालेली बाई, लिहिताना भाषा फार सजवता येत नाही.

माणूस कसा होता

गावात ह्यांना सगळे बाबलो म्हणत. मी कधी नाव घेतलं नाही. माझं माहेर डिचोलीला, खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. हे तसलाच एक ट्रक चालवायचे आणि आमच्या दारावरून जाताना विनाकारण हॉर्न मारायचे. माझे बाबा चिडून मालकाकडे तक्रार करायला गेले आणि परत आले ते स्थळ घेऊन. "पोरगो वायट नाय, फकत आवाज ज्यास्त करता," असं ते आईला म्हणाले.

खाणी बंद झाल्यावर ह्यांनी मांद्रेच्या किनाऱ्यावर पर्यटकांची टॅक्सी चालवली. इंग्रजी येत नव्हतं, रशियन तर नाहीच, पण दोन्ही भाषांतली माणसं गाडीतून हसत उतरायची. पोदेर सायकलवरून पाव विकायला येतो ना, त्याच्या भोंग्याचा आवाज हे तोंडाने हुबेहूब काढत. भर दुपारी मागच्या वाटेवर जाऊन पोंय पोंय करायचे आणि बायका पिशव्या घेऊन बाहेर आल्या की काजूच्या झाडामागे लपून बसायचे. साठीला आलेला माणूस! एकदा खऱ्या पोदेरालाच शिव्या खाव्या लागल्या.

पण नात मनू जेवायला बसली की हेच गृहस्थ तासभर पेडव्यांचे, त्या बारीक माशांचे, काटे काढत बसत. एक काटा राहता कामा नये. सून म्हणायची, "बाबा, द्या मी काढते." हे म्हणायचे, "तुका घाई आसा. माका नाय." माझा सकाळचा चहा लग्नापासून ह्यांनीच केला. साखर कायम जास्त. मी कधी सांगितलं नाही.

थट्टा ह्यांनी कशाची केली नाही असं नव्हतं. अपवाद फक्त देवीचा. आमच्याकडे मोठं काम काढताना देवीला विचारतात. गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नको. ह्याला प्रसाद घेणं म्हणतात. तरुणपणी ह्यांनी स्वतःचा ट्रक घ्यायचं ठरवलं तेव्हा प्रसाद डावा आला होता. हे हसले आणि ट्रक घेतला. महिन्याच्या आत तो वळणावर कलंडला. हे काचेतून बाहेर फेकले गेले, जीव वाचला. तेव्हापासून घराची कौलं बदलायची असली तरी हे आधी देवळात जायचे.

बाकावरचे दोघे

रक्त जात होतं ते ह्यांनी चार महिने लपवलं. मूळव्याध म्हणून कोणाकडून तरी पाला आणून खात होते. मला कळलं ते धुण्यामुळे. पुरुषांनो, तुमचं धुणं धुणारं माणूस घरात असेल तर फार काळ काही लपत नाही, म्हणून लपवू नका. चार महिने आधी आलो असतो तर, हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा मनात म्हटलं की शेवटी त्याचाच कंटाळा आला.

डॉक्टरबाईच्या खोलीतून बाहेर आल्यावर आम्ही पॅसेजमधल्या बाकावर बसलो. पणजीकडचं ते मोठं सरकारी हॉस्पिटल, माणसांची ये-जा चाललेली. हे काही बोलले नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला ह्यांच्या कॅन्सरची भीती तिथे वाटली, डॉक्टरांसमोर नव्हती वाटली. मग हे म्हणाले, "देवीक इचारल्याशिवाय मी कापून घेवचंय नाय."

"डॉक्टर म्हणतात वेळ घालवू नका."

"एक दिस. एका दिसान काय होतां?"

अंगात रक्त इतकं कमी झालं होतं की त्यांना दाखल करून आधी रक्त चढवायला घेतलं. उठून चालवत नव्हतं. म्हणाले, "तूच जा. माझ्या नावान इचार. उजवी पडली तर कापा, डावी पडली तर माका घराक व्हरा."

नितीन जवळच्या तुये गावच्या कारखान्यात कामाला आहे, रजा काढून आला होता. तो बापावर ओरडला, "असल्या गोष्टी देवाक इचारतत?" हे त्याच्याकडे बघून इतकंच म्हणाले, "तू माझो झील ना रे? मगे गप." नितीन भिंतीला टेकून रडायला लागला. मी बस पकडली.

डावी पाकळी

देवळात मी आणि गुरवकाका दोघेच होतो. त्यांनी पाकळ्या लावल्या, ह्यांचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून एकच म्हणत होते, माये, उजवी दी. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावीकडची पाकळी सुटली आणि सरळ खाली आली.

गुरवकाका हळूच म्हणाले, "वयनी, परत लावया?"

मी हो म्हटलं. असं परत विचारता येतं. त्यांनी दुसरी पाकळी लावली, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा डावीच पडली.

तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही. पायरीवर बसून मी थोडा वेळ रडले. मग उठले, पडलेल्यातली एक पाकळी पानात गुंडाळली आणि म्हटलं, "काका, हां घरात कोणाक सांगू नकात."

काकांनी उरलेल्या पाकळ्या ताटात ठेवल्या. मग म्हणाले, "मी आपणहून सांगूचंय नाय. पण कोणी इचारल्यान, तर ह्या देवळात उभो रवान खोटां बोलूचंय नाय."

परतीच्या बसमध्ये मी स्वतःशी भांडत होते. देवी खोटी असं म्हणायची माझी तयारी नव्हती. डॉक्टर खोटे असंही नव्हतं. मला फक्त हा माणूस हवा होता. हॉस्पिटलात पोचले तेव्हा हे दाराकडेच डोळे लावून बसले होते.

"खंयची पडली?"

"उजवी," मी म्हटलं आणि पाकळी त्यांच्या हातावर ठेवली. पाकळीवर काही लिहिलेलं नसतं.

ह्यांनी ती कपाळाला लावली. चेहरा असा सैल झाला की काय सांगू. आलेल्या नर्सला म्हणाले, "तर मगे काय, काढा तुमची सुरी."

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनला सहा तास लागले. ते सहा तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. आता हे गेले तर ह्यांना मी मारलं, एवढंच डोक्यात होतं. नितीन सारखा म्हणत होता, आई काहीतरी खा, आणि शेवटी सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. बाजूच्या बाकावरची सत्तरीची एक मालवणी बाई, तिचा भाऊ आत होता, तिने डब्यातली पेज आणि मिठातलं तोर, म्हणजे कोवळी कैरी, माझ्यापुढे सरकवलं. "खा गो. रडाक पण ताकद लागता," म्हणाली. मी खाल्लं. तिचं नाव मी विचारलं नाही याची आजही रुखरुख आहे.

शुद्धीवर आल्यावर हे पुटपुटले, "माका कापलां, काय अजून लायनीतच आसंय?"

पिशवीकडे बघायला मात्र ते तयार नव्हते. नर्स ती बदलायला आली की छताकडे बघायचे. मला आधी किळस आली, हेही खरंच लिहिते. पहिल्या दिवशी बदलून झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. तिसऱ्या दिवशी हात सरावला. आठव्या दिवशी मी पिशवी बदलता बदलता नर्सशी भाजीच्या गप्पा मारत होते. ज्यांच्यावर आता ही पाळी आली आहे त्यांना एवढंच सांगते, किळस जाते. लवकर जाते. तिची लाज धरू नका.

ह्यांची लाज कशी गेली ते मात्र माझ्यामुळे नव्हे. एका सकाळी साहेबलोक राउंडला आले असताना पिशवीतून मोठा आवाज झाला. मोठे डॉक्टर बोलता बोलता थांबले. हे म्हणाले, "तुमी बोला डॉक्टर. हो आमचो सायब. पोटार बसान हुकूम सोडता." पूर्ण वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरचा माणूस टाके दुखतात म्हणून पोट धरून हसला. त्या दिवसापासून पिशवीचं नाव सायब पडलं. घरी आल्यावर मनूने पहिला प्रश्न विचारला, "आजो, सायब जेवलो?"

घरातली धुसफूस

आजारपणात घर एकत्र येतं असं लोक म्हणतात. येतं, आणि एकमेकांच्या पायावर पायही देतं. केमोच्या दिवसांत ह्यांना फोडणीचा वास सहन होईना, तर सून बिचारी बाहेर पडवीत चूल मांडून स्वयंपाक करायची. जून वाल आणि चवळी घरातून हद्दपार झाली, सायब फुगतो म्हणून. नितीनने कारखान्यातली रात्रपाळी मागून घेतली, दिवसा बापाला न्यायला मोकळा राहावा म्हणून, आणि झोप नसल्याने सगळ्यांवर खेकसायला लागला.

मधेच ह्यांना जंतुसंसर्ग झाला. ताप उतरेना. पुन्हा दाखल केलं. सगळे डॉक्टरांना विचारत होते, मी कोणाला विचारणार? माझ्या मते उत्तर मला आधीच मिळालेलं होतं, दोनदा. देवी आता वसूल करते आहे असं मला वाटायचं. देवळात जायचं मी सोडलं नाही, पण पायरीच्या वर चढत नसे. बाहेरूनच हात जोडायचे. हे विचारायचे, "भितर कित्याक येणस नाय?" मी म्हणायची, गुडघे दुखतात.

हे त्या तापातूनही उठले.

पाच वर्षं

त्यानंतर आम्हाला पाच वर्षं मिळाली. लुटूपुटूची नव्हे, भरलेली. हे पुन्हा गाडी चालवायला लागले. शिगम्याला रोमटात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, नाचले, सायबाला वरून माझ्या जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट बांधून. मी कडेला उभी राहून शिव्या घालत होते आणि हे मलाच बघून जास्त उड्या मारत होते. मनूला समुद्रात पोहायला शिकवलं. स्वतः कंबरभर पाण्यात उभे राहून, शर्ट न काढता.

कोणाला नवीन पिशवी लागली असं कळलं की हे त्यांच्या घरी जायचे. चहा घ्यायचे, पावसाबद्दल बोलायचे आणि मग शर्ट वर करून म्हणायचे, "हो बघा माझो सायब. तुमच्याचां नाव काय ठेवलात?" डिचोलीच्या एका मास्तरांनी तीन महिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ह्यांनी त्यांना गाडीत घालून जत्रेला नेलं आणि खाजं खायला घातलं.

आणि दर वर्षी जत्रेला देवीची ओटी भरताना हे मोठ्याने सांगत, "माये, तू उजवी दिलंस म्हणान मी उभो आसंय." गुरवकाका खाली बघायचे. मी बाहेर पायरीशी उभी असायची, पण ह्यांचा आवाज कुठे लपतो? प्रत्येक वर्षी ते वाक्य मला ऐकावं लागे.

कबुली

मग दुखणं यकृतात गेलं. ह्या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावच काढलं नाही. सगळं शांतपणे ऐकून घेऊन हे घरी आले. दुपारची पेज झाल्यावर आम्ही दोघे बल्कांवात बसलो होतो, दाराबाहेरच्या त्या सिमेंटच्या बाकांवर. हे म्हणाले, "औंदा ओटी बरी मोठी भर. पाच वर्सां दिल्यान तिणा. आता नाय म्हणता तर नाय."

मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. पहिली पाकळी, दुसरी पाकळी, पानात गुंडाळून आणलेली डावी. त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

हे उठले आणि आत जाऊन झोपले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सकाळचा चहा केला, माझ्यापुढे ठेवला, पण शब्द नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हातात किती दिवस उरलेत ते माहीत नाही आणि त्यातले दोन मी असे घालवले. नितीन मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबांचां दुखणां डोक्यात गेलां काय गो?" मी त्याला काय सांगणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायब बदलत होते. हे छताकडे बघत म्हणाले, "पाच वर्सां तू एकटीच भियालंस?"

मी मान हलवली.

"माका एक दिस तरी सांगूचां होतां. दोघांनी मिळान भियालों असतों."

मी तिथेच त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले. ह्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "सायबाक चेपू नको." मग नितीनला हाक मारली, "गाडी काढ रे. देवळात जावंया."

देवळापाशी ह्यांनी आम्हा दोघांना बाहेरच थांबवलं आणि गुरवकाकांचा हात धरून एकेक पायरी चढत आत गेले. मी नेहमीच्या जागी, खालच्या पायरीशी बसले. आतलं काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. गाऱ्हाणं ह्यांनी काकांना घालू दिलं नाही, स्वतः घातलं.

"माये, माझी बायल तुझां नाव घेवन खोटां बोलली. माझ्यासाठी बोलली. तां खोटां मी पाच वर्सां खाल्लंय, म्हणान अर्दो गुन्यांव माझो. तिका माफ केलंस तर उजवी दी."

किती वेळ गेला कोण जाणे. नितीनने माझा हात धरला होता. सगळं त्याला तेव्हाच, बापाच्या तोंडून कळलं; मी आजवर त्याला काही सांगितलेलं नाही. आतून पुन्हा ह्यांचा आवाज आला, "माये, घाई नाय. पण सायब उठायच्या आदी काय तां सांग."

आणखी थोडा वेळ गेला. मग हे काकांच्या आधाराने बाहेर आले. मूठ मिटलेली. माझ्यापुढे येऊन ती उघडली. तळहातावर एक ओली पाकळी होती.

"उजवी," म्हणाले.

मी काकांकडे बघितलं. ते समईची वात सारखी करायला आत वळले होते. मी ह्यांना विचारलं, "खरां?"

हे हसले. पुष्कळ दिवसांनी ते जुनं हसू मला दिसलं. म्हणाले, "तू माका सांगलंस तेव्हा मी 'खरां?' म्हणान इचारलेलंय?"

मग त्यांनी माझा दंड धरला आणि मला आत नेलं. पाच वर्षांनी मी देवीसमोर उभी राहिले.

तीन आठवड्यांनी हे गेले. घरातच, सकाळी, मनू उशाशी बसून शाळेतलं काहीतरी सांगत असताना. ती सांगत राहिली, तिला उशिरा कळलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी देवळात नारळ घेऊन गेले. गुरवकाकांनी नारळ हातात घेतला, पण फोडला नाही. म्हणाले, "वयनी, त्या दिवसाचां तुमका काय इचारूचां आसा? इचारा. मी खरां तां सांगान."

काका कधी खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत आहे.

"ह्यांनी सांगलां माका, काका," मी म्हटलं. "तुमी नारळ फोडा."